कच्ची वही, पक्की वही

१. चूक माहीत आहे, मग दुरुस्त का करत नाहीत?

जावास्क्रिप्ट शिकणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी पहिल्या महिनाभरात हा प्रश्न विचारतो. या भाषेत 'नल' नावाचं एक मूल्य आहे. नल म्हणजे 'इथे काहीच नाही'. हातातली गोष्ट कोणत्या प्रकारची आहे हे विचारायला भाषेत 'टाइपऑफ' नावाची सोय आहे. आकड्याबद्दल विचारलं की ती 'नंबर' म्हणते, मजकुराबद्दल विचारलं की 'स्ट्रिंग'. नलबद्दल विचारलं की उत्तर येतं 'ऑब्जेक्ट', म्हणजे वस्तू. जिथे काहीच नाही तिथे वस्तू आहे असं सांगणारं हे उत्तर सरळसरळ चूक आहे. भाषा सांभाळणाऱ्यांना ते मान्य आहे, शिकवणाऱ्यांना मान्य आहे, पुस्तकांतही तसं छापलेलं असतं. तरीही तीस वर्षं ते जसंच्या तसं आहे.

चूक झाली कशी, ते आधी पाहू. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत तयार केला. त्या नमुन्यात प्रत्येक मूल्याबरोबर त्याच्या प्रकाराची खूण साठवलेली असे, किराणा दुकानातल्या डब्यांवर 'साखर', 'रवा' अशा चिठ्ठ्या असतात तशी. ऑब्जेक्टची खूण होती शून्य. आणि नल म्हणजे तर सगळंच शून्य. टाइपऑफ खूण वाचायला गेलं, तिथे शून्य दिसलं, आणि त्याने 'ऑब्जेक्ट' असं सांगून टाकलं. घाईत केलेल्या नमुन्यातली एवढीशी गफलत.

पुढे ही दुरुस्ती रीतसर सुचवली गेली आणि नाकारलीही गेली. कारण तोवर लोकांनी लिहिलेल्या कोडमध्ये हे चुकीचं उत्तरच गृहीत धरलेलं होतं. उत्तर बरोबर केलं असतं, तर चालू असलेली संकेतस्थळं बंद पडली असती.

नवी भाषा किंवा नवी यंत्रणा उभी करणाऱ्यांपुढचा सगळा पेच या एका उदाहरणात आहे. सुरुवातीला प्रयोग करून पाहावेच लागतात, आणि प्रयोगांतलं काय कायमचं होऊन बसेल हे त्या वेळी सांगता येत नाही.

२. घर आणि पाया

बँकेचं ॲप, रेल्वेच्या तिकिटांचं संकेतस्थळ, दुकानातलं बिल छापणारं सॉफ्टवेअर, हे सगळे प्रोग्रॅम. हे प्रोग्रॅम ज्याच्या आधारावर लिहिले जातात आणि चालतात, त्याला प्लॅटफॉर्म म्हणतात. त्यात भाषा आली, भाषेबरोबर मिळणारं तयार साहित्य आलं, आणि ते चालवणारा ब्राउझर किंवा यंत्रणा आली.

प्रोग्रॅममध्ये चूक सापडली, तर लिहिणारा सकाळी दुरुस्त करून संध्याकाळी नवी आवृत्ती देऊ शकतो. प्लॅटफॉर्ममधली चूक दुरुस्त करायची, तर तिच्यावर उभे असलेले सगळे प्रोग्रॅम तपासावे लागतात. ते कोणी लिहिले, कुठे चालतात, लिहिणारा अजून त्या नोकरीत तरी आहे का, याची यादी कोणाकडेच नसते.

ज्यांनी घर बांधलं आहे त्यांना हे लगेच पटेल. स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी सळयांना पंख्याचे हूक आणि विजेच्या नळ्या बांधलेल्या असतात. हूक दोन फूट सरकवायचा असेल तर बांधलेली तार सोडायची आणि पुन्हा बांधायची. पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडलं की तोच हूक सरकवायला छत फोडावं लागतं. प्लॅटफॉर्मच्या बाबतीत अडचण आणखी मोठी आहे. स्लॅब नेमका कधी पडला, हे बांधणाऱ्याला कळतही नाही. 'अजून काम चालू आहे' असं तो म्हणत असतो, आणि लोक वर राहायला आलेले असतात.

या क्षेत्रात हायरम राइट या गूगलमधल्या अभियंत्याच्या नावाने एक निरीक्षण प्रसिद्ध आहे. वापरणारे पुरेसे झाले, की तुम्ही कागदावर काय कबूल केलं होतं याला फारसा अर्थ उरत नाही. यंत्रणेचं जे जे वागणं बाहेरून दिसतं, त्यातल्या प्रत्येकावर कोणी ना कोणी विसंबून असतंच.

२०१८ साली याचा पडताळा आला. याद्यांच्या आत याद्या असतील, तर त्या सपाट करून एकच यादी देणारी सोय जावास्क्रिप्टमध्ये आणायची होती. १, मग २ व ३ यांची पोटयादी, असं असेल तर सरळ १, २, ३ मिळावं. तिचं नाव ठरलं 'फ्लॅटन'. पण 'मूटूल्स' या जुन्या साहित्यसंचाने याच नावाची स्वतःची सोय बऱ्याच वर्षांपूर्वी भाषेत घुसवून ठेवली होती. नवी सोय फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत येताच एक जुनं संकेतस्थळ मोडलं. चर्चा झाली आणि नाव 'फ्लॅट' करण्यात आलं. एका अनधिकृत प्रयोगाने अधिकृत भाषेतलं नाव अडवलं होतं. हे चाचणी आवृत्तीतच लक्षात आलं, म्हणून निभावलं.

३. पाटी लावली, कुंपण घातलं नाही

मग प्रयोगांवर बंदीच का घालू नये? घातली असती तर आजचं वेब आपल्याला मिळालं नसतं. पान पुन्हा न उघडता मागच्या मागे नवी माहिती आणण्याची युक्ती मायक्रोसॉफ्टने १९९९ साली आपल्या इंटरनेट एक्स्प्लोररच्या पाचव्या आवृत्तीत आणली, तीही कोणत्याही प्रमाणसंस्थेला न विचारता, आपल्या ईमेल सेवेच्या सोयीसाठी. २००४ मधलं जीमेल याच युक्तीवर उभं राहिलं. बाकीच्या ब्राउझरांनी ती उचलली, आणि तिचं प्रमाण लिहिण्याचं काम नंतर झालं.

म्हणजे प्रयोग हवेत. प्रश्न एवढाच, की ते करायचे कुठे.

पानांची रंगसंगती आणि मांडणी ठरवणारी सीएसएस नावाची भाषा आहे. तिच्यात प्रयोग करण्यासाठी ब्राउझर बनवणाऱ्यांनी एक शहाणपणाची वाटणारी पद्धत काढली. नवी सोय अजून पक्की नसेल, तर तिच्या नावाआधी कंपनीची खूण लावायची. ॲपल आणि गूगलच्या ब्राउझरांसाठी '-वेबकिट-', फायरफॉक्ससाठी '-मॉझ-', ऑपेरासाठी '-ओ-', मायक्रोसॉफ्टसाठी '-एमएस-'. खूण दिसली की समजायचं, हे कच्चं आहे, बदलू शकतं.

एक साधं उदाहरण घेऊ. बटणावर वरून खाली पिवळ्यातून लालकडे जाणारी छटा हवी आहे. ॲपल आणि गूगलच्या ब्राउझरांमागच्या वेबकिटने २००८ मध्ये ही सोय दिली, तेव्हा तिला सुरुवातीचा बिंदू आणि शेवटचा बिंदू असे दोन्ही सांगावे लागत. फायरफॉक्स बनवणाऱ्या मॉझिलाने वेगळी, सुटसुटीत पद्धत काढली. तिच्यात छटा कुठून सुरू होते तेवढंच सांगायचं, 'वरून'. शेवटी जे प्रमाण ठरलं त्यात उलट, छटा कुठे जाते ते सांगायचं, 'खालपर्यंत'. वादविवादातून पद्धत सुधारत गेली, आणि प्रयोगाचा उपयोग हाच. पण त्या काळात पानं बनवणाऱ्याला एका छटेसाठी पाच-सहा ओळी लिहाव्या लागत, प्रत्येक ब्राउझरची एक आणि शेवटी प्रमाणाची.

आणि माणूस पाच-सहा ओळी किती दिवस लिहील? २००७ मध्ये आयफोन आला, पाठोपाठ अँड्रॉइड. दोन्हींवर वेबकिटचेच ब्राउझर. मोबाइलसाठी पानं बनवणारे फक्त '-वेबकिट-'ची ओळ लिहून थांबू लागले. त्यांच्या हातातल्या फोनवर पान छान दिसत होतं. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान विस्कटलेलं दिसे, आणि वापरणारा म्हणे, 'हा ब्राउझरच खराब आहे.'

फेब्रुवारी २०१२ मध्ये सीएसएसच्या कार्यगटाच्या बैठकीत मायक्रोसॉफ्ट, मॉझिला आणि ऑपेरा यांच्या प्रतिनिधींनी सांगितलं, की आता आम्हालाही '-वेबकिट-' खूण ओळखावी लागणार. गटाचे सहअध्यक्ष डॅनिएल ग्लाझमान यांनी जाहीर आवाहन केलं, की पानं बनवणाऱ्यांनो, सगळ्या खुणा आणि प्रमाणाची ओळ लिहा. फरक पडला नाही. ऑपेराने त्याच वर्षी सुरुवात केली, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये फायरफॉक्सच्या ४९व्या आवृत्तीनेही '-वेबकिट-' स्वीकारलं. प्रतिस्पर्ध्याच्या तात्पुरत्या प्रयोगाची खूण सगळ्यांच्या घरात कायमची आली.

बातम्यांच्या संकेतस्थळावर मजकूर तीन ओळींनंतर कापून पुढे तीन टिंबं दाखवलेली तुम्ही पाहिली असतील. ते करणाऱ्या ओळीचं नाव आजही '-वेबकिट-लाइन-क्लॅम्प' असतं. फायरफॉक्ससुद्धा २०१९ पासून हीच ओळ मानतं.

माझ्या मते इथे चूक प्रयोगाची नव्हती, जागेची होती. 'कच्चं आहे, जपून' अशी पाटी लावली, पण जागेला कुंपण घातलं नाही. कच्ची सोय सर्वसामान्य माणसाच्या रोजच्या ब्राउझरमध्ये चालू होती, आणि जे चालतं ते लोक वापरतात. पाटी वाचून कोणी थांबत नाही. ज्याला आज संध्याकाळपर्यंत पान द्यायचं आहे, त्याला दोषही देता येत नाही.

४. दुसऱ्या टोकाचा धोका

सगळं आधी कागदावर ठरवू आणि मगच बांधू, असं म्हटलं तर काय होतं, याचंही उदाहरण जावास्क्रिप्टनेच दिलं आहे. तिच्या प्रमाणाची तिसरी आवृत्ती डिसेंबर १९९९ मध्ये आली. चौथी मोठी आणि महत्त्वाकांक्षी ठरवली होती. समितीत वर्षानुवर्षं वाद चालले, गट पडले, आणि २००८ मध्ये चौथी आवृत्ती सोडूनच देण्यात आली. डिसेंबर २००९ मध्ये थेट पाचवी निघाली. प्रमाणाची भाषा दहा वर्षं जागच्या जागी होती, आणि त्याच दहा वर्षांत वेब कुठल्या कुठे गेलं.

आता ही समिती टप्प्याटप्प्याने चालते. कल्पना, मसुदा, चाचण्या असं करत प्रस्ताव पुढे सरकतो, आणि अखेरच्या टप्प्याआधी किमान दोन ठिकाणी तो प्रत्यक्ष बांधून, चाचण्यांतून उतरलेला असावा लागतो. प्रमाणाची नवी आवृत्ती दरवर्षी निघते. जे तयार असेल ते घ्यायचं, नसेल ते पुढच्या वर्षी.

५. दोन वह्या

पाटी आणि कुंपण यांतला फरक सर्वांत नीट ओळखला तो, माझ्या समजुतीप्रमाणे, रस्ट या भाषेच्या मंडळींनी.

२००६ साली व्हँकुव्हरमध्ये राहणारे ग्रेडन होअर घरी आले तर इमारतीची लिफ्ट बंद. तिचं सॉफ्टवेअर कोसळलं होतं, आणि तेही पहिल्यांदा नव्हे. एकविसाव्या मजल्यापर्यंत जिने चढताना त्यांच्या मनात आलं, की एक साधी लिफ्टही भरवशाने चालेल असं सॉफ्टवेअर आपल्याला का लिहिता येत नाही? मेमरी हाताळतानाच्या चुका भाषेनेच पकडाव्यात, या विचाराने त्यांनी रस्ट सुरू केली. २००९ मध्ये मॉझिलाने तिला आधार दिला.

पहिली काही वर्षं रस्टमध्ये खुला प्रयोग चालला. मेमरीच्या प्रकारांसाठी '~' आणि '@' अशी खास चिन्हं होती, ती काढली. समांतर चालणारी अनेक हलकी कामं भाषेनेच सांभाळण्याची सोय होती, तीही काढली. त्या काळात लिहिलेला प्रोग्रॅम महिन्याभराने चालेलच याची खात्री नसे. स्लॅब पडलेला नव्हता, आणि हे सगळ्यांना स्वच्छ सांगितलेलं होतं.

१५ मे २०१५ रोजी रस्टची १.० आवृत्ती निघाली आणि त्याबरोबर एक वचन आलं, की आज चालणारा कोड पुढच्या आवृत्त्यांतही चालेल. हे वचन देऊनही प्रयोग चालू ठेवायचे होते. त्यासाठी जी व्यवस्था केली, ती आपल्या जुन्या व्यापाऱ्यांना परकी वाटणार नाही. पेढीवर दोन वह्या असतात. दिवसभराच्या नोंदी कच्च्या वहीत. तिथे खाडाखोड चालते. ताळा जमला की मगच पक्क्या वहीत उतरवायचं, आणि तिथे खोडायचं नाही.

रस्टची कच्ची वही म्हणजे 'नाइटली', दर रात्री तयार होणारी आवृत्ती. दर सहा आठवड्यांनी तिची 'बीटा' निघते, आणि आणखी सहा आठवड्यांनी तीच 'स्टेबल', म्हणजे पक्की वही, होते. आता कुंपण पाहा. अर्धवट सोय वापरायची तर प्रोग्रॅमच्या डोक्यावर तिचं नाव लिहून 'मला ही कच्ची सोय हवी आहे' असं जाहीर करावं लागतं. आणि असा प्रोग्रॅम पक्क्या आवृत्तीला दिला तर ती तो घेतच नाही. इशारा देऊन पुढे जाऊ देत नाही, काम थांबवते. पाटीच्या जागी बंद फाटक आहे.

प्रयोगासाठी तिसरीही जागा आहे, ती म्हणजे लोकांनी लिहिलेली साहित्याची पाकिटं, रस्टच्या बोलीत 'क्रेट'. भाषेला हात न लावता जे करता येतं, ते आधी तिथे करून पाहायचं. पाकिटावर आवृत्तीचा आकडा असतो, ०.५ वरून ०.६ झाली तर 'मोडतोड होऊ शकते' असा संकेत, आणि नवी कधी घ्यायची ते वापरणाऱ्याने ठरवायचं.

६. हरवलेली चिठ्ठी

या व्यवस्थेची खरी परीक्षा १.० निघायच्या जेमतेम महिनाभर आधी झाली. ती गोष्ट सावकाश सांगण्यासारखी आहे.

मोठं काम अनेक धाग्यांत वाटलं की लवकर होतं. धागा म्हणजे त्याच प्रोग्रॅममध्ये समांतर काम करणारा मदतनीस. मुख्य प्रोग्रॅम आपल्याकडची माहिती मदतनिसाला वापरायला देतो, पण एक अट असते. मदतनिसाचं काम चालू असताना ती माहिती पुसली जाता कामा नये. रस्टच्या साहित्यात यासाठी 'थ्रेड स्कोप्ड' नावाची सोय होती.

ती अशी चालत असे. मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाने आचाऱ्याला मुदपाकखाना वापरायला दिला आणि त्याची चिठ्ठी स्वतःच्या खिशात ठेवली. नियम असा, की संध्याकाळी चिठ्ठी फाडण्यापूर्वी आचारी बाहेर आल्याची खात्री करायची, मगच जागा दुसऱ्याला द्यायची. वाट पाहण्याची सगळी जबाबदारी त्या चिठ्ठीला बांधलेली होती. पण चिठ्ठी फाडलीच गेली नाही तर? कुठे विसरली, कोणत्या फाइलीत अडकून पडली, तर वाट पाहण्याची वेळच येत नाही. व्यवस्थापक घरी जातो, जागा दुसऱ्याला दिली जाते, आणि पहिला आचारी अजून आत चुलीपाशी असतो.

एप्रिल २०१५ मध्ये नेमकं हेच दाखवून देण्यात आलं. रस्टमध्ये एखादी चिठ्ठी कायमची हरवून टाकणं सगळे नियम पाळूनही शक्य होतं. मग मदतनीस पुसलेली माहिती वाचणार, आणि अशी चूक होऊच न देणं हा तर या भाषेचा जन्मउद्देश. तारीख जाहीर झालेली, वेळ कमी. मंडळींनी ती सोय कच्ची ठरवून बाजूला काढली, आणि १.० तिच्याशिवाय निघाली.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं. 'क्रॉसबीम' नावाच्या क्रेटमध्ये लोकांनी वेगळी रचना वापरून पाहिली. चिठ्ठीचा मार्गच सोडला. आता व्यवस्थापक स्वतः मुदपाकखान्याच्या दारात बसतो आणि शेवटचा आचारी बाहेर पडेपर्यंत उठत नाही. हरवायला काही उरतच नाही. ही रचना वर्षानुवर्षं प्रत्यक्ष कामात वापरली गेली, घासून निघाली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये रस्टच्या १.६३ आवृत्तीत पक्क्या वहीत उतरली. मधे सात वर्षं गेली. पण या सात वर्षांत कोणाचं काम अडलं नव्हतं. ज्याला गरज होती त्याने क्रेट घेतली.

चुकीची रचना १.० मध्ये गेली असती, तर ती टाइपऑफसारखी कायमची राहिली असती.

७. कच्च्या वहीवर गर्दी झाली तर

कुंपण असलं तरी एक धोका उरतो. आतली गोष्ट इतकी उपयोगी असते, की सगळेच कुंपणाच्या आत येऊन राहतात. रस्टमध्येही हे झालं. माहितीचं एका रूपातून दुसऱ्या रूपात भाषांतर करणारी 'सर्डे' ही क्रेट जवळजवळ प्रत्येकाला लागत असे, आणि ती सहजपणे वापरायची तर नाइटली घ्यावी लागे. लोक रोजच्या कामासाठी नाइटलीवर राहू लागले, तर कच्ची वही हीच पक्की होऊन बसणार. रस्टच्या मंडळींनी आखलेली मोठी योजना बाजूला ठेवली, तिच्यातला सर्डेला लागणारा लहानसा तुकडा आधी पक्का केला, आणि फेब्रुवारी २०१७ मधल्या १.१५ आवृत्तीत दिला.

सीएसएसच्या अनुभवातून ब्राउझरवालेही शिकले. एप्रिल २०१३ मध्ये गूगलने जाहीर केलं, की यापुढे नव्या सोयींना कंपनीची खूण लावणार नाही. कच्च्या सोयी बंद ठेवू आणि ज्याला तपासायच्या आहेत त्याने त्या आपल्यापुरत्या चालू कराव्यात. पुढे क्रोममध्ये 'ओरिजिन ट्रायल' आली. एखाद्या संकेतस्थळाला कच्ची सोय खऱ्या वाचकांवर तपासायची असेल, तर त्याला मुदतीचा परवाना मिळतो. मुदत संपली की सोय बंद. आणि क्रोममध्ये उघडल्या जाणाऱ्या एकूण पानांपैकी ०.५ टक्क्यांहून जास्त पानांवर ती दिसू लागली, तरीही बंद. प्रयोग लोकप्रिय झाला म्हणून थांबवायचा, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण '-वेबकिट-'ची गोष्ट वाचल्यावर त्याचं कारण वेगळं सांगायला नको.

जावा या भाषेची 'प्रिव्ह्यू' पद्धतही याच धाटणीची. मजकुरात मूल्यं भरण्याची एक नवी सोय जावा २१ आणि २२ मध्ये प्रिव्ह्यू म्हणून आली. वापरून पाहिल्यावर रचना मनासारखी वाटली नाही, आणि २०२४ मधल्या जावा २३ मधून ती काढून घेतली. इतकी रुळलेली भाषा, पण हे माघारी घेणं शांतपणे पार पडलं.

८. पक्कं झालेलं बदलायची वेळ आली तर

कधीतरी तीही वेळ येते. पायथन या भाषेने डिसेंबर २००८ मध्ये तिसरी आवृत्ती काढली, ती दुसरीशी मुद्दाम न जुळणारी. जुन्या चुका एकदाच साफ करायच्या होत्या. हेतू चांगला होता, पण दुसरी आवृत्ती अखेर बंद व्हायला १ जानेवारी २०२० उजाडला. अकरा वर्षं लोक दोन पायथन सांभाळत बसले, कारण जुनं साहित्य आणि नवं साहित्य एका प्रोग्रॅममध्ये नांदू शकत नव्हतं.

रस्टने हे टाळायला 'एडिशन' काढल्या: २०१५, २०१८, २०२१, २०२४. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे नवे पैसे आले तेव्हाचे दिवस घरातल्या ज्येष्ठांना आठवत असतील. जुने आणे त्याच दिवशी रद्द झाले नाहीत. चार आणे म्हणजे पंचवीस नवे पैसे असा हिशेब ठरला आणि दोन्ही नाणी काही वर्षं एकाच गल्ल्यात पडत राहिली. एडिशनचं तसंच आहे. 'असिंक' हा शब्द २०१८च्या एडिशनमध्ये भाषेने राखून ठेवला. २०१५च्या क्रेटमध्ये तो कोणी साधं नाव म्हणून वापरला असेल तर तिथे तो तसाच चालतो. आणि दोन्ही क्रेट एकाच प्रोग्रॅममध्ये एकत्र काम करतात.

९. आपल्या अक्षरांची गोष्ट

हे सगळं दूरचं वाटत असेल, तर वर 'ॲप' हा शब्द आला आहे तो पाहा. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं प्रमाण. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची. तिच्यात देवनागरी होती, पण मराठीचं 'ॲ' स्वतंत्र अक्षर म्हणून नव्हतं. आपण अ वर अर्धचंद्र ठेवून काम भागवलं. २००८ मध्ये युनिकोड ५.१ ने 'ॲ'ला स्वतःचा क्रमांक दिला. तोवर सतरा वर्षांचा मजकूर दुसऱ्या पद्धतीने लिहून झाला होता. आज 'ॲप' दोन क्रमांकांत लिहिता येतो आणि तीन क्रमांकांतही. डोळ्यांना एकच शब्द दिसतो, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एक शोधला तर दुसरा सापडेलच असं नाही. 'दऱ्या'मधल्या अर्ध्या र चीही अशीच दोन रूपं आहेत, एकात पूर्ण शब्दाला पाच क्रमांक लागतात, दुसऱ्यात सहा.

यातलं एक रूप आता रद्द करता येणार नाही. १९९६च्या दुसऱ्या आवृत्तीत कोरियन अक्षरं हलवण्यात आली. तेव्हापासून युनिकोडने एकदा दिलेला क्रमांक हलवायचा नाही आणि काढायचा नाही, असा नियमच केला. तो नियम योग्य आहे. त्याच्याशिवाय आज जपून ठेवलेली फाइल वीस वर्षांनी वाचता येईल याची खात्री देता आली नसती.

क्रमांक हलत नाहीत, पण अक्षरं मोजायचे नियम अजून सुधारले जातात. 'स्त्री' हे अक्षर जुन्या नियमाने तीन तुकड्यांचं धरलं जाई: स्, त्, री. सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ पासून देवनागरी जोडाक्षर एकच मानायचा नियम आला. युनिकोडच्या नव्या आवृत्तीचा मसुदा आधी सगळ्यांच्या तपासणीसाठी खुला ठेवला जातो. रस्टचे प्रस्ताव आणि जावास्क्रिप्टच्या समितीचे टप्पेही कोणालाही वाचता येतात. तुम्ही मराठी मजकूर हाताळणारं काही लिहीत असाल, तर नवी आवृत्ती कच्ची असतानाच तिच्यावर 'स्त्री', 'दऱ्या' आणि 'ॲप' चालवून पाहा, आणि काही चुकत असेल तर पक्क्या वहीत उतरण्याआधी कळवा.